टीका वाचून कॉमिकच नकोसं झालं, मग माझं मत नेमकं कोणतं?

पांढरं_सोनं:
नमस्कार मंडळी, मी दिग्रसकडच्या खेड्यातली, कॉलेजला आहे. मैत्रिणीने सांगितलं म्हणून मोबाईलवर लोर ऑलिंपस हे कॉमिक वाचायला घेतलं, ते ग्रीक पुराणातल्या पाताळाचा राजा हेडीस आणि पर्सेफनीच्या प्रेमाचं. पहिला सीझन तर इतका आवडला की घरात रेंज नाही म्हणून स्लॅबवर जाऊन वाचायची, आई खालून ओरडे. मग पुढे काय होतं ते शोधताना फॅन लोकांची टीका सापडली. चित्रं ढेपाळली, ती १९ वर्षांची अन् तो हजारो वर्षांचा हे चालतं कसं, पोरीच्या आईला, डेमेटरला, उगाच वाईट दाखवलं. एकाने तर लिहिलंय हे आवडणाऱ्यांना अक्कलच नाही. आता वाचायला बसलं की ती वाक्यंच डोक्यात फिरतात. आणि याच कॉमिकला २०२२, २०२३, २०२४ असे लागोपाठ आयस्नर, म्हणजे कॉमिकचे मोठे पुरस्कार, मिळालेत! मी कोणाचं ऐकू?

वऱ्हाडी_ठेचा:
बाप्पा, अक्कल काढणाऱ्याचं काहून मनावर घेतं ताई, त्याले कॉमिकवर बोलाचंच नाई. मी टीकेत भागाचा नंबर हाय का पाह्यतो. अमुक भागात मांगची चित्रं रिकामी हायेत म्हटलं का तो भाग उघडाचा, हाय तं हाय, नाई तं नाई. नुसतं 'पहिल्यासारखं नाई राह्यलं' म्हणणारे आमच्या पारावरबी बसतात, त्याईले पहिल्यासारखा पाऊसबी नाई वाटत.

वडसा_पॅसेंजर:
एक गोष्ट कोणी बोलत नाही. हे कॉमिक २०१८ ला सुरू झालं नि २०२४ ला संपलं, म्हणजे टीका करणारे बरेच जण आठवड्याला एक भाग असं वर्षानुवर्षं वाचत आलेले, वर पुढचे भाग आधी पाहिजे असतील तर ॲपवरचे कॉइन विकत घ्या. पैसे मोजून भाग उघडला आणि त्यात दोघं नुसते बोलतच बसलेत तर माणूस चिडणारच ना. तू एका बैठकीत ढीगभर भाग खाली सरकवतेस, तुला ते रेंगाळणं जाणवणार कसं? चित्रांचं पण तेच, दर आठवड्याला एवढा लांब पट्टा रंगवून द्यायचा म्हटलं की आधी मागची घरं-झाडं उडतात. पण कारण कळलं म्हणून चित्र चांगलं होत नाही हां, खटकलं तर खटकलं म्हण. आमच्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात आणि सकाळी चहाटपरीवर सगळेच परीक्षक. नाटक बघायच्या आधी मी त्या टपरीकडे फिरकत नाही, नाहीतर आत बसून नुसत्या चुका मोजल्या जातात.

कळंबची_मास्तरीण:
आईच्या मुद्द्यावर मी टीकावाल्यांकडून. ग्रीक कवी होमरच्या नावावर असलेलं डेमेटरचं जुनं स्तोत्र आहे, ती गोष्ट आईचीच आहे. हेडीसने पोरगी पळवून नेली म्हणून ती जमिनीतून पीकच उगवू देत नाही, देवांचे नैवेद्य बंद व्हायची वेळ येते तेव्हा कुठे देवांचा राजा झ्यूस नमतो. तरी पोरीने डाळिंबाचा दाणा खाल्लेला, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खाली पाताळातच राहावं लागतं. पेरणी वाया गेलेली ज्याने पाहिली त्याला ही बाई केवढी मोठी वाटेल! तिची कॉमिकमध्ये पोरीला धाकात ठेवणारी आई झाली. अर्थात कॉमिक काढणाऱ्या रेचल स्माईथला प्रेमकथाच करायची होती, तिचा हक्क आहे. मी स्तोत्र आधी वाचलं म्हणून मला झोंबतं, तुला झोंबलंच पाहिजे असं नाही.

पांढरं_सोनं:
ठेचा दादा, तसे भाग उघडून पाहिले, मागे खरंच काही नाही, पण त्या सीनला मला दोघांचे चेहरेच बघायचे होते सो चालतंय. वयाचं मात्र मला पहिल्या सीझनलाच कसंतरी वाटलेलं, तेव्हा कोणाचं काही वाचलं नव्हतं, म्हणजे ते माझंच. आईचं पूर्ण वाचून सांगते. मॅडम, ते स्तोत्र मोबाईलवर मिळेल का?

कळंबची_मास्तरीण:
इंग्रजीत फुकट मिळतं, लहानच आहे.

वऱ्हाडी_ठेचा:
आधी कॉमिक पुरं कर व माय, मंग स्तोत्र.