कमांडर ऑनलाइन खेळायला काय वापरता? कॉकाट्रिस, एक्समेज की फोर्ज?

नाशिकचा_जादूगार
मंडळी, मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळणारं कोणी आहे का इथे? आमचा चौघांचा कमांडरचा (प्रत्येकाने शंभर पत्त्यांचा आपापला डेक घेऊन खेळायचा प्रकार) ग्रुप होता, दर शनिवारी आमच्या गच्चीवर बसायचो. आता दादा श्टुटगार्टला गेला, दोघं पुण्यात आणि मी इथे नाशकात. अरेनावर (मॅजिकचा अधिकृत ऑनलाइन गेम) चौघं एका टेबलावर बसूच शकत नाही, तिथे ब्रॉल हा कमांडरसारखा प्रकार आहे पण तो दोघांतच, आणि आमची अर्धी जुनी कार्डं तिथे नाहीतच. फुकटातलं हवंय कारण कार्डं एकदा पैसे देऊन घेतलीत, तीच परत ऑनलाइन कशाला घ्यायची. माझा लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम. काय घेऊ?

बेट_टॅप
तुमच्यासाठी कॉकाट्रिस, डोळे झाकून. हलकं आहे, तुझ्या लॅपटॉपवर आरामात चालेल. इन्स्टॉल केलं की सोबत ओरॅकल नावाचा प्रोग्राम येतो, तो एकदा चालव म्हणजे सगळ्या कार्डांची यादी उतरते. डेक एकेक कार्ड शोधून भरत बसू नकोस, मॉक्सफील्ड या डेकच्या याद्या ठेवायच्या साइटवर यादी असेल तर कॉपी करून थेट पेस्ट होते. पासवर्ड लावून चौघांचा गेम उघडायचा, लाइफ ४० करायचं, आणि बोलायला बाजूला डिस्कॉर्ड.

एक गोष्ट आधीच लक्षात घे, कॉकाट्रिसला नियम कळत नाहीत. ते फक्त टेबल आहे. लँड (मना देणारा पत्ता) टॅप, म्हणजे वापरली म्हणून आडवी, तू करायची, पत्ता ग्रेव्हयार्डात (वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगात) तू टाकायचा, टोकन तू बनवायचं, लाइफ तू कमी करायचं. कंट्रोल यू दाबलं की सगळं अनटॅप, कंट्रोल डी दाबलं की एक पत्ता, एवढं बोटात बसलं की गच्चीवरच्या वेगाने खेळता येतं.

स्टॅकवर_थांब
बेट_टॅप भाऊ, वेग मान्य, पण चौघांच्या गेममध्ये ट्रिगर (काही घडलं की आपोआप लागू होणारे परिणाम) विसरले जातात त्याचं काय? मी एक्समेज सांगेन. तिथे नियम सॉफ्टवेअरच पाळून घेतं, मना (पत्ते टाकायला लागणारी शक्ती) नसेल तर पत्ता पडतच नाही, ट्रिगर आपोआप स्टॅकवर (लागू व्हायच्या परिणामांच्या ढिगावर) जातो. मला लेयर्स आणि प्रायॉरिटी (परिणाम कोणत्या क्रमाने लागतात आणि खेळायची संधी कोणाची) खऱ्या अर्थाने कळली ती तिथेच, आधी दोन वर्षं टेबलावर आम्ही चुकीचं खेळत होतो आणि कोणालाच पत्ता नव्हता.

पण त्याची किंमतही सांगतो. समज कोणी रिस्टिक स्टडी टाकलं, म्हणजे समोरच्याने पत्ता (स्पेल) टाकताना एक मना जास्त भरला नाही तर मालकाला पत्ता काढू देणारं कार्ड. टेबलावर काय होतं, मालक नुसतं बघतो, "एक भरतोस?", समोरचा मान हलवतो, पुढे. एक्समेजवर प्रत्येक स्पेलला खिडकी उघडणार, समोरचा उत्तर देणार, मग पत्ता काढायचा का हे मालकाला विचारणार, आणि असं तिघांचं. चौघांचा गेम त्यामुळे खूप लांबतो. कंटाळून लोक एफ नाइन दाबतात, म्हणजे स्वतःच्या पुढच्या टर्नपर्यंत सगळं पास, आणि नेमकं तेव्हाच काउंटर करायचं (समोरचा स्पेल रोखायचं) राहून जातं. टर्न मागे नेण्याची सोय आहे पण सगळ्यांनी हो म्हणायला लागतं. शिवाय जावावर चालतं, ४ जीबीत ओढाताण होईल.

हिरवा_लाल
फोर्जचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहितेय. तेही नियम पाळतं, पण त्याची खरी मजा एकट्याने खेळण्यात, इंटरनेट नसतानाही. कॉम्प्युटरचे तीन खेळाडू घेऊन पूर्ण कमांडर गेम होतो, अँड्रॉइडवरही चालतं. नवीन डेक बांधला की मी आधी तिथे पंधरा-वीस गेम काढते, लँड ३६ ठेवायच्या की ३८ हे तिथेच कळतं. कॉम्प्युटर कॉम्बो (एकत्र वापरून मोठा परिणाम करणारे पत्ते) नीट खेळत नाही, त्यामुळे तिथे जिंकलं म्हणजे डेक भारी असं धरू नकोस. चौघांच्या शनिवारसाठी मात्र हे नाही.

आणि दादाने स्वतःची कार्डं सोबत नेली असतील तर स्पेलटेबल बघ. वेबकॅम टेबलाकडे वळवायचा आणि खरी कार्डं खेळायची.

नाशिकचा_जादूगार
सगळ्यांचे मनापासून आभार. कार्डं दादाने नेली नाहीत हो, बॅगेच्या वजनात बसली नाहीत, त्याचे तीन डेक माझ्या कपाटात आहेत. म्हणून स्पेलटेबल बाद. एक शंका, कॉकाट्रिसवर कोणी चुकून जास्त पत्ते काढले तर कळतं का?

बेट_टॅप
कळतं, बाजूच्या लॉगमध्ये प्रत्येक हालचालीची ओळ पडते, कोणी काय काढलं, कुठून कुठे नेलं सगळं. आणि तुम्ही चौघं इतकी वर्षं एकत्र खेळताय, तुमच्यात ट्रिगरची आठवण करून देणारा एकजण असेलच, तो लागतो.

नाशिकचा_जादूगार
आहे ना, दादाच तो!

काल रात्री खेळलो. इथे साडेनऊ, तिकडे सहा. मी माझ्या कपाटातल्या त्याच्या डेकची यादी स्वतः बसून टाइप केली, शंभरच्या शंभर पत्ते हातात घेऊन. पहिला गेम अडखळत गेला, पुण्यातला एकजण अनटॅप करायलाच विसरत होता. दुसऱ्या गेममध्ये दादाने रिस्टिक स्टडी टाकलं आणि हेडफोनमधून आवाज आला, "एक भरतोस का रे?" तिघांनी एकदम "नाही" म्हटलं. रात्री दीडपर्यंत चाललं. पुढच्या शनिवारी परत बसतोय, तोवर मी फोर्जवर माझा हिरवा डेक तपासून घेतो, ३७ लँड ठेवल्यात सध्या.