चर्चा: जेसी ओवेन्सची गोष्ट पोरांना बर्लिनपर्यंतच का सांगायची?

खाडीकाठचा मास्तर:
गेल्या आठवड्यात वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक होतो. सहावी-सातवीची पोरं. चौघांनी अमेरिकेचा कृष्णवर्णीय धावपटू जेसी ओवेन्स घेतला होता आणि चौघांचंही भाषण बर्लिनच्या ऑलिंपिकला संपलं. १९३६, चार सुवर्णपदकं, हिटलरचा माज उतरला, टाळ्या.

पुढचं कोणी सांगतच नाही. न्यूयॉर्कात मिरवणूक निघाली, आणि वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात स्वतःच्याच सत्काराला जाताना त्याला सामानाच्या लिफ्टने वर जावं लागलं. राष्ट्राध्यक्षांनी व्हाइट हाउसला बोलावलं नाही. पोटासाठी तो घोड्यांबरोबर शर्यती पळाला. चार सुवर्णपदकं काही खाता येत नाहीत, असं तो पुढे म्हणायचा. आपण मात्र 'गरिबीवर आणि वर्णद्वेषावर मात' म्हणून मोकळे. वर्णद्वेष त्याने पळून कसा घालवायचा? तो ज्यांच्या डोक्यात होता त्यांनी घालवायचा.

हर्णैवाली:
मास्तर, रागावू नका, पण हे तुम्ही खुर्चीत बसून बोलताय. मी ओहोटीला ओल्या वाळूवर पोरी पळवते. दोघींत मिळून बुटांची एक जोडी आहे. पहिलीची फेरी झाली की ती बूट काढते, वाळू झटकते, दुसरी घालते. हिचे पाय लहान, म्हणून पुढे चिंधीचा बोळा कोंबायचा. या पोरीला मी घोड्यांची गोष्ट सांगू? मी सांगते की अलाबामातल्या कुळाच्या घरचा हा मुलगा १९३५ साली ८.१३ मीटर लांब उडी मारून गेला आणि तो विक्रम २५ वर्षं कोणाला मोडता आला नाही. तेवढ्यावर ती दुसऱ्या दिवशी पहाटे येते.

कातळावरचा:
अलाबामापर्यंत कशाला जायचं? आपला क्रिकेटपटू बाळू पालवणकर घ्या. आडनावातलं पालवण आपल्या कोकणातलं. चर्मकार घरातला पोरगा, पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात महिना तीन-चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखायचा आणि नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकायचा. बॅट हातात द्यायचे नाहीत. पुढे पुण्याच्या हिंदूंनी संघात घेतलं, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. पण चहाच्या वेळी बाकीचे आत, बाळू पॅव्हेलियनबाहेर, त्याचा चहा मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसाने शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचा (तेव्हा संघ धर्मावार असायचे) कर्णधार म्हणून त्याला नेमलं नाही. ते पद १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

चाकरमानी डोंबिवलीचा:
झालं, आली जात! धागा वर्णद्वेषाचा आहे. ते अमेरिकेचं, हे वेगळं, आणि हे शंभर वर्षांपूर्वीचं. आमच्या गावच्या अंडरआर्म टीममध्ये सगळ्या वाड्यांची पोरं असतात. बॉल पडला की कोणी आडनाव विचारत नाही.

कातळावरचा:
वेगळं आहे, मान्य. सामानाची लिफ्ट आणि मातीचं भांडं यांतला फरक तेवढा समजावून सांगा.

आणि बॉल पडेपर्यंत विचारत नाहीत, हे खरंच आहे. दोन वर्षांपूर्वी शिमग्यानंतरच्या स्पर्धेत आमच्या वाडीकडून पलीकडच्या वाडीचा एक जण खेळला. शेवटच्या ओव्हरला चार रन राखले. खांद्यावर घेऊन नाचलो त्याला, ढोल लावून. रात्री वाडीत जेवण होतं. पंगत बसली तेव्हा तो अंगणाच्या कडेला चप्पल घालूनच उभा. आतून एक काका आले आणि गोड आवाजात म्हणाले, "तुझं पार्सल बांधून ठेवलंय रे." कोंबडी-वडे होते. पिशवी घेऊन गेला. मी पंगतीत बसलो होतो, उठलो नाही. नंतर तो आमच्याकडून खेळला नाही. आम्ही 'भाव खातो' म्हणालो.

चाकरमानी डोंबिवलीचा:
एका वाडीवरून सगळ्या कोकणाला झोडू नका. त्याला घरी जायची घाई असेल.

कातळावरचा:
चप्पल घालून उभा होता म्हणजे घाईच असणार.

देवगडचो झील:
मास्तरांनू, तुमचा बरोबर हा. पण पोरांका पयल्यांदा पळाक तरी देवा. लिफ्टीची गजाल तेंका मोठेपणी आपसूक कळतली.

खाडीकाठचा मास्तर:
कळते हो, पण कशी? पार्सल हातात पडल्यावर. आणि तेव्हा पोराला वाटतं, आपलीच मेहनत कमी पडली. वर्षानुवर्षं आपण तेच तर शिकवलेलं असतं.

हर्णैवाली ताई, बुटांचं वाचून जरा वरमलो. तुमच्या पोरीला गोष्ट बर्लिनपर्यंतच सांगा, हरकत नाही. मला उरलेली गोष्ट ऐकवायची आहे ती बक्षीस समारंभाला पुढच्या रांगेत बसणाऱ्यांना.

हर्णैवाली:
हे आधी लिहिलं असतंत तर भांडलेच नसते. बुटांचे नंबर चार आणि सहा आहेत, कोणाकडे जुने पडले असतील तर कळवा. बाकी मास्तर, त्या स्पर्धेत पहिला नंबर कोणाला दिलात?

खाडीकाठचा मास्तर:
त्या चौघांतल्याच एकीला. काय करणार, बोललीच तशी.