आजोबांच्या चित्रांची किंमत कुणाकडून काढून घ्यावी?

गंजपेठी:
मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा. आजोबांना चित्रं जमवायचा नाद होता, गिरगावात राहायचे तेव्हा प्रदर्शनांना जाऊन घ्यायचे. आता पुण्यातला वाडा पाडायला दिलाय आणि माळ्यावरून एकूण १७ फ्रेमा निघाल्यात. दोन जलरंग जुने चित्रकार धुरंधर यांचे आहेत (एकावर सहीखाली १९१९), एक त्याच काळातल्या हळदणकरांचं असावं, बाकीच्यांच्या सह्या वाचता येत नाहीत, आणि एक भलं मोठं लक्ष्मीचं आहे जे आत्याच्या मते ओरिजिनल रविवर्मा. वाटणी तीन घरांत करायचीय. धाकटा काका न्यू जर्सीला असतो, त्याला १९१९ वालंच हवंय. ओळखीतले एक गृहस्थ येऊन बघून गेले, म्हणाले सगळ्याचे मिळून अडीच लाख, आत्ता चेक फाडतो. तर खरा व्हॅल्यूअर (किंमत काढून देणारा) ओळखायचा कसा आणि फी कशी ठरते?

उंबरठा:
चेक घेऊ नका!!! जो किंमत सांगतो तोच विकत घ्यायला बसलाय म्हटल्यावर तो तुम्हाला किंमत कशाला खरी सांगेल. आमच्या मामाकडे हेच झालं, "जुनी कागदं आहेत, वाळवी लागलीय" म्हणून सहा चित्रं चाळीस हजारात उचलली आणि दोन वर्षांनी त्यातलं एकच लिलावाच्या कॅटलॉगात, खालचा अंदाजच तीन लाख. मामा अजून विषय काढला की उठून आत जातो.

खतावणी:
आधी हे ठरवा की किंमत हवीय कशासाठी, कारण एकाच चित्राच्या तीन किमती निघतात आणि तिन्ही बरोबर असतात. विम्यासाठी काढली तर तसंच चित्र आज गॅलरीतून घ्यायला किती लागतील ती, म्हणजे चढी. वाटणीसाठी बाजारभाव. आणि उद्याच विकायचं म्हटलं तर आणखी खाली. तुम्हाला वाटणी करायचीय, मग तिघांनी मिळून एकच माणूस नेमा, सगळ्या १७ ची किंमत एकाच तारखेची आणि एकाच पद्धतीने, नाहीतर प्रत्येक घर आपापला व्हॅल्यूअर आणेल आणि मग वकीलच लागेल.

इन्कम टॅक्सकडे रजिस्टर्ड व्हॅल्यूअर असतात, त्यांच्यात कलाकृतींचा वर्ग वेगळा आहे. संपत्ती कर गेला तरी ही नोंदणी राहिली. घर-जमिनीवाला रजिस्टर्ड आहे म्हणून त्याला चित्रं दाखवू नका, सर्टिफिकेटवर वर्ग कुठला लिहिलाय ते बघा. पुढेमागे विकायचं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमतही त्याच रिपोर्टात मागून घ्या, वारशाने आलेल्या जुन्या वस्तूला ती खरेदी किंमत म्हणून धरता येते. चित्रं "घरगुती वापराची वस्तू" म्हणून करातून सुटत नाहीत हो, बरेच जण तिथे फसतात. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला नफ्यावरचा लाँग टर्म कर १२.५ टक्के आहे, इंडेक्सेशन (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) नाही.

फी ठरावीक किंवा दिवसावर. टक्केवारी मागितली की चहा पाजा आणि निरोप द्या.

टर्पेंटाइन:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन पण एक गोष्ट सुटतेय. किंमत काढणं वेगळं आणि चित्र त्याचंच आहे का हे ठरवणं वेगळं. व्हॅल्यूअर पुष्कळदा "धुरंधरांचं आहे असं गृहीत धरून" किंमत लिहितो, ते बारीक अक्षरातलं वाक्य वाचा. म्हणून सरळ विचारा, गेल्या काही वर्षांत जेजेच्या (मुंबईचं कलाविद्यालय) जुन्या चित्रकारांची किती कामं तपासलीत, कुठल्या लिलावांचे भाव ताडून बघणार, आणि चित्र समोर ठेवून बघणार की व्हॉट्सॅपच्या फोटोवरून? मॉडर्न आर्टमधला दादा माणूस असला तरी जलरंगातलं त्याला कळेलच असं नाही. रिपोर्टात माप, माध्यम, सही, कागदाची अवस्था, कुणाकडून कुणाकडे आलं, आणि कुठल्या विक्रीशी तुलना केली ते सगळं पाहिजे, नुसता आकडा आणि शिक्का असेल तर तो कागद बंब पेटवायला घ्या.

मुंबईतली लिलावघरं (पंडोल्स, सॅफ्रनआर्ट, अस्तगुरु) फोटो पाठवले तर अंदाज सांगतात, पण त्यांना माल हवा असतो हे लक्षात ठेवून ऐका. त्यांच्या साइटवर जुने भाव असतात, ते आधी स्वतः चाळा.

आणि कृपा करून काचा पुसण्यापलीकडे काही करू नका! फ्रेमच्या मागचा पुठ्ठा फेकू नका, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाची चिठ्ठी, फ्रेमवाल्याचं लेबल, आजोबांची पावती, निम्मी किंमत तिथेच चिकटलेली असते.

लक्ष्मीबद्दल वाईट वाटतंय पण भिंग घेऊन बघा. रंग ठिपक्याठिपक्यांचा दिसला आणि खाली रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं छापलेलं असलं तर ती ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील प्रत. १८९४ ला मुंबईत सुरू झालेला तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, हजारो घरांत त्या लक्ष्म्या आहेत. फुकटच्या नाहीत बरं, जरी-टिकल्या लावलेली चांगली प्रत असेल तर लोक शोधत असतात.

एडिसनकर:
काकांना सांगा १९१९ वालं बॅगेत घालून आणू नका. चित्र शंभरीच्या पुढे गेलं की १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू, खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय एएसआयकडे (पुरातत्त्व खातं) नोंदणीही करावी लागते. रविवर्मा खरा निघाला तर शंभर वर्षं असो नसो, त्यांची सगळीच कामं राष्ट्रीय ठेवा म्हणून धरलीत. त्यामुळे काकांच्या वाट्याला १९१९ गेलं तरी ते पुण्यातच कुणाच्या तरी भिंतीवर राहणार, हे वाटणीआधीच बोलून घ्या.

गंजपेठी:
सगळ्यांचे आभार. गृहस्थांना नको म्हणून कळवलं तर तासाभरात त्यांचा फोन, चार लाख देतो. काकाला फोन केला, तो आता म्हणतोय मग हळदणकरच दे. आणि दुपारी भिंगाने लक्ष्मी बघितली, ठिपके आहेत, खाली कार्ला-लोणावळाही आहे. आत्याला अजून कुणी सांगितलेलं नाही, बहुतेक मलाच सांगावं लागणार.