चाळिशीनंतरचं पोट : वजनकाटा सोडा, टेप घ्या

टिळकवाडी_सकाळ : आपल्याकडं चाळिशीत पोट सुटलं की ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून कौतुक होतंय, मला हे अजिबात पटत नाही म्हणून धागा काढतोय. चरबी म्हणजे नुसतं डब्यात साठवलेलं तूप नव्हे ओ, ती हार्मोन सोडते. 1994 ला जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमनं लेप्टिन शोधलं, अंगात साठा पुरेसा आहे असं मेंदूला कळवणारं. मग अ‍ॅडिपोनेक्टिन सापडलं, त्यानं इन्सुलिन नीट काम करतंय. चरबी वाढली की लेप्टिन वाढतंय पण मेंदू दाद देईनासा होतो, आणि अ‍ॅडिपोनेक्टिन उलट घटतंय. त्यात वय वाढेल तशी कातडीखाली चरबी साठवायची ताकद कमी होते, मग ती आतड्याभोवती, लिव्हरमध्ये, स्नायूत जाऊन बसते आणि तिथनं शुगर, बीपीचं दुखणं मागं लागतंय. कंबर मोजा. आपल्या लोकांसाठी पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80, त्याच्यावर गेलं की सावध व्हा.

खानापूर_घाट : साफ असहमत. आमच्याकडची जुनी माणसं भात, गूळ, तूप खाऊन ऐंशीपर्यंत ताठ चालली कारण दिवसभर शेतात असायची. आता बांधापर्यंत जायलाबी गाडी लागते, एवढंच कारण आहे, त्यात हार्मोन कशाला घुसवायचे? लेप्टिनच्या इंजेक्शननं लठ्ठपणा जाईल म्हणून केवढी आशा होती, गेला काय? उद्या लॅबवाले लेप्टिन टेस्टचं पॅकेज काढतील आणि गरीब माणूस पैसे घालवून बसेल.

टिळकवाडी_सकाळ : टेस्ट करा असं मी कुठं म्हटलंय, शिंप्याची टेप पुरते की. इंजेक्शनचं म्हणाल तर ज्या मुलांच्या अंगात जन्मापासून लेप्टिन तयारच होत नाही त्यांना त्याचा मोठा फायदा होतो, बाकीच्यांच्यात ते आधीच भरपूर असतंय, मग आणखी देऊन काय होणार? आणि बारीक माणसाला धोका नाही असं समजू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक यांनी 2004 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला, दोघांचाबी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3, पण अंगातली चरबी सहकाऱ्याची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2.

निपाणीची_आक्का : खानापूरवाले दादा, आमच्याकडं दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बायका कष्टच करतात, पण ते कष्ट बसून आहेत, त्यांना काय सांगणार? पाळी गेली की मांड्यांवरची चरबी पोटाकडं सरकते आणि घरातले म्हणतात खाणं कमी कर. पण टिळकवाडीवाल्यांचंबी मला पूर्ण पटत नाही. चरबी शत्रू असती तर लिपोडिस्ट्रॉफीवाले सगळ्यात सुखी असते, त्यांच्या अंगात चरबी जवळजवळ नसतेच, तरी डायबेटिस होतो, लिव्हर फॅटी होतं, आणि त्यांना लेप्टिन दिलं की सुधारणा होते. अ‍ॅडिपोनेक्टिन जास्त म्हणजे चांगलं हेबी सरळ नाही, म्हाताऱ्या आणि हृदयाचा आजार असलेल्या लोकांत ज्यांचं जास्त त्यांच्यात मृत्यू जास्त दिसलेत. म्हणून सत्तरीतल्या सासूबाईंच्या कंबरेला टेप लावून त्यांचं जेवण तोडू नका, त्या वयात मांडीचा स्नायू गेला की माणूस अंथरूण धरतोय.

टिळकवाडी_सकाळ : आक्का, सत्तरीचं नाही, मी चाळीस-पंचेचाळीसवाल्यांचं बोलतोय. सत्तरीत उपास नको हे मान्य.

खानापूर_घाट : आक्कांचा बसून कष्टाचा मुद्दा घेतला. पण शेवटी चाळिशीतल्यालाबी सांगणार काय, चालायला जा, पोटाला लागेल तेवढंच खा. हे आमची आज्जी फुकट सांगायची.

टिळकवाडी_सकाळ : आज्जी बरोबरच होती. पण आता आमच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज चालणारा माणूस महिन्यानं काट्यावर उभा राहतो, किलो हललेला नसतोय, आणि तो चालणं सोडतो. वजन तेवढंच राहूनसुद्धा व्यायामानं पोटातली चरबी कमी होऊ शकते, ते काट्यावर दिसत नाही, टेपवर दिसतंय.