बॉल पायथन पाच आठवडे काही खात नाहीये, माझं नेमकं काय चुकतंय?

निशिगंध:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे दीड वर्षाची बॉल पायथन (अजगराची लहान जात) आहे, मादी, वजन ५२० ग्रॅम. आणल्यावर पहिले तीन महिने दर दहा दिवसांनी एक उंदीर अगदी नीट खायची आणि आता पाच आठवडे झाले तोंडच लावत नाहीये. उंदीर समोर धरला की मान मागे घेते आणि डोकं वेटोळ्यात खुपसते. काचेची टाकी आहे ४ फुटी, वर जाळीचं झाकण, एका बाजूला खालून हीट मॅट, मॅटवरच एक लाकडी हाइड (तिला लपायला खोपटं) आणि पाण्याचं भांडं. काचेला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर आहे तो ३० दाखवतो. मागची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली, शेपटीच्या टोकाला अजून थोडी चिकटलेलीच आहे. दर दोन-तीन दिवसांनी उंदीर देऊन बघते आणि तिला माझी सवय राहावी म्हणून रोज संध्याकाळी अर्धा तास बाहेर काढते. रात्री दोनदा उठून बघते श्वास चालू आहे ना, खूप भीती वाटतेय, प्लीज सांगा.

वारूळवाला:
ताई, आधी शांत व्हा, चांगल्या वजनाची बॉल पायथन पाच आठवडे न खाता सहज तग धरते, मोठे नर तर कधीकधी काही महिने खात नाहीत. पण तुमच्या पोस्टमध्ये थर्मोस्टॅट (मॅट ठरावीक तापमानाला बंद करणारं यंत्र) हा शब्दच नाहीये आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटतेय. तो काट्याचा थर्मामीटर काचेवरची हवा मोजतो, ती जिथे पोट टेकून बसते तिथलं काहीच सांगत नाही. प्रोबवाला (वायरच्या टोकाला सेन्सर असलेला) डिजिटल थर्मामीटर घ्या आणि हाइडच्या आत, बेडिंग बाजूला सारून, मॅटच्या बरोबर वर मोजा.

माझ्या पहिल्या सापाच्या वेळी मीही मॅट थेट प्लगला लावला होता. एक दिवस उचलला तर पोटाचे चार-पाच खवले गुलाबी, दोन दिवसांनी तेच तपकिरी आणि कडक झाले. भाजला होता तो. चटके बसत असतील तर साप स्वतः उठून जाईल असं वाटतं ना, पण लपायची जागा एकच असेल आणि ती मॅटवर असेल तर तो लपण्यासाठी चटका सहन करत बसतो. व्हेटकडे नेला, मलम लावलं, खवले नीट दिसायला तीन काती गेल्या. ते पोट मी अजून विसरलो नाहीये.

गरम बाजूला बसायच्या जागी ३१ ते ३३ डिग्री, थंड बाजूला २५ ते २७, रात्री २४ च्या खाली जाऊ देऊ नका. थर्मोस्टॅटचा प्रोब टेपने पक्का बसवा, पण टेप टाकीच्या बाहेरून, आत अजिबात नको, सापाच्या खवल्यांना चिकटली तर कातडी सोलते. आणि प्रोब जागचा हलला तर थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे आणि तो मॅट तापवतच राहतो. दुसरा हाइड थंड बाजूला ठेवा, पहिल्यासारखाच आणि घट्ट, म्हणजे वेटोळं केल्यावर दोन्हीकडून अंगाला टेकेल इतका. मग तिला ऊब आणि लपणं यातलं एक निवडावं लागणार नाही.

कात_आणि_काळजी:
वरच्यांशी सहमत. तुकड्यातुकड्यांनी कात म्हणजे हवा कोरडी आहे, जाळीच्या झाकणातून सगळी ओल निघून जाते. झाकणाचा अर्ध्याहून जास्त भाग झाका, हवा खेळायला बाकीचा मोकळा ठेवा. ह्युमिडिटी ६० टक्क्यांच्या आसपास हवी, कात टाकण्याआधी डोळे निळसर झाले की ७० पर्यंत चालेल. वरून सारखे फवारे मारू नका, कोकोपीटच्या जाड थरात कोपऱ्यांतून पाणी ओता म्हणजे खाली ओल राहते आणि वरचा थर कोरडा, नाहीतर पोटाचे खवले सडतात.

शेपटीच्या टोकाचं मात्र आजच बघा, चिकटलेल्या कातीची ती रिंग आवळत गेली तर रक्त पोचत नाही आणि टोक मरतं. कोमट ओला टॉवेल हवेशीर डब्यात घालून तिला त्यात अर्धा तास ठेवा, मग टॉवेलच्या घडीतून सरकू द्या, ओढू नका. पुढची कात निघाली की उजेडात धरून डोळ्यांच्या दोन पारदर्शक टिकल्या आल्यात का बघा, नसतील तर डोळ्याला हात न लावता व्हेट. आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंडात चिकट फेस, मान वर करून तोंड उघडं ठेवणं, यातलं एक जरी दिसलं तरी ते न्यूमोनियाचं असू शकतं, थांबू नका.

ठिपकेदार:
४ फुटी टाकी हेच कारण आहे, एवढ्या मोठ्या जागेत बिथरतात, छोट्या डब्यात हलवा, खाईल.

वारूळवाला:
@ठिपकेदार नाही पटलं. जागा मोठी असण्याचा त्रास नाहीये, ती उघडी असण्याचा आहे. हे साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले, दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात पडून राहणारे. टाकीची तीन बाजूची काच बाहेरून कागदाने झाका, मधे सालीचे तुकडे, खोटी पानं, फांद्या भरा, की या हाइडमधून त्या हाइडकडे आडोशाने जाता आलं पाहिजे. छोट्या डब्यात गरम आणि थंड अशा दोन बाजू ठेवणंच अवघड होतं.

रातकिडा:
आता खाण्याचं. दर दोन-तीन दिवसांनी उंदीर दाखवणं बंद करा, त्यानेच ती धसकलीय. दोन आठवडे बाहेर काढू नका, फक्त पाणी बदला. मग रात्री दिवे घालवून एकदाच द्या. फ्रोझन उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या, नंतर पिशवीत घालून गरम पाण्यात, मायक्रोवेव्ह नको, आत शिजतो. देण्याआधी त्याचं डोकं परत एकदा गरम पाण्यात बुडवून पुसा, ३८ च्या आसपास, कारण तिच्या वरच्या ओठावरच्या खाचांना उष्णता जाणवते आणि गार उंदीर तिच्या लेखी भक्ष्यच नाही. लांब चिमट्याने शेपूट धरून हाइडच्या तोंडाशी हळू न्या, नाकावर आदळू नका. जाडीला तिच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा पुरे. जिवंत उंदीर सोडायचा मोह नको, भुकेल्या नसलेल्या सापाला तो कुरतडतो. खाल्लं तर ४८ तास हात लावायचा नाही.

वजन आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर. ४७० च्या खाली गेलं तर विष्ठेचा ताजा नमुना घेऊन सापांचं कळणाऱ्या व्हेटकडे. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या साठी ओलांडलेल्या बॉल पायथनने २०२० मध्ये ७ अंडी घातली होती, इतकं मोठं आयुष्य असतं यांचं, त्यात पाच आठवडे थोडेच.

निशिगंध:
मोजलं. मॅटवर ४३ डिग्री. चार वेळा मोजलं. पोट उलटून बघितलं, भाजलेलं नाहीये, पण हात थरथरत होते माझे. शेपटीची कात टॉवेलमध्ये निघाली, खालची कातडी ठीक आहे. थर्मोस्टॅट लावला, दुसरा हाइड ठेवला, काच झाकली.

निशिगंध:
अठरा दिवस झाले. वजन ५०६ होतं. काल रात्री साडेअकराला उंदीर हाइडच्या तोंडाशी धरला, बराच वेळ काहीच नाही, मग जीभ बाहेर आली, आत गेली, परत आली, आणि एका झटक्यात चिमट्यातून ओढून नेला. मी अंधारात तशीच बसून राहिले. सकाळी बघितलं तर थंड बाजूच्या हाइडमध्ये गेली होती, दुपारी परत गरम बाजूला.

रातकिडा:
वा! आता दहा दिवस काहीही देऊ नका, आणि पुढचा उंदीर यापेक्षा थोडा लहानच.