स्ट्रटमधील कॉइल स्प्रिंग घरी सुरक्षितपणे कशी काढावी?

प्रश्न: पुढच्या चाकांचे शॉक ॲब्सॉर्बर मी स्वतः बदलणार आहे. स्ट्रट (शॉक ॲब्सॉर्बर आणि त्याभोवतीची स्प्रिंग यांचा एकत्र जोड) गाडीतून बाहेर काढल्यावर वरचा मधला नट थेट सैल केला तर चालेल का?

उत्तर १: मुळीच नाही. जोडलेल्या स्ट्रटमध्ये स्प्रिंग दाबलेलीच असते आणि तिला तो एकच नट रोखून धरतो. तो निघाला तर वरचे माउंट जीवघेण्या वेगाने उडते. दोन स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंगला हुक अडकवून ती दाबून धरणारी स्क्रूची साधने) समोरासमोर बसवून ते आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत आणि स्प्रिंग तिच्या वरच्या आणि खालच्या टेकूंमध्ये हाताने हलू लागल्यावरच नटाला पाना लावावा.

उत्तर २: त्यात एवढीच भर घालतो की कॉम्प्रेसरच्या आट्यांना आधी वंगण लावावे आणि इम्पॅक्ट गन (झटके देत नट फिरवणारे यंत्र) वापरू नये. (मला स्वतःला स्वस्तातल्या कॉम्प्रेसरच्या हुकांचा भरवसा वाटत नाही.) स्ट्रटच्या टोकासमोर कोणीही उभे राहू नये.

प्रश्नकर्ता: मागची स्प्रिंग शॉकपासून वेगळी आहे. तिथेही हेच करावे का?

उत्तर १: बहुधा गरज पडत नाही. गाडी स्टँडवर ठेवून ॲक्सलला जॅकचा आधार द्यावा, शॉकचा खालचा बोल्ट काढावा आणि ब्रेकच्या नळीवर ताण येऊ न देता जॅक सावकाश उतरवावा.