परतीच्या पावसातली पायपीट : तुमचे अनुभव येऊ द्या

देवगिरीकर
दोरीवरचे कपडे आत्ता दुसऱ्यांदा आत आणले. हस्त लागला की आमच्या संभाजीनगरात हेच. सकाळी धुकं, बाराला चटका, चारला विजा. त्यावरून ऑफिसच्या टोळीची खुलताबाद ते म्हैसमाळ पायपीट आठवली.

निघताना ऊन असलं कडक, की छत्र्या गाडीतच राहू द्या म्हणणाऱ्याला कुणी अडवलं नाही. शूलिभंजनला दत्ताच्या देवळात टेकलो. तिथला तो वाजणारा दगड प्रत्येकाला स्वतः ठोकून बघायचा होता, टण्ण-टण्ण सुरूच. एकनाथ महाराजांनी इथं तप केलं, त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, एवढं आमच्या साहेबांचं सांगून होतंय तोवर आभाळ भरून आलं.

पुढं एका शेतात मक्याची कणसं उघड्यावर पसरलेली. नवरा-बायको आणि म्हातारी ताडपत्रीशी झटायलेत, वारं ती हातातनं ओढायलंय. म्हातारीनं लांबूनच दम भरला, "बघायले काय नुसते, धरा की कोपरे!" साहेबांसकट सगळे पळाले. कडेनं दगड ठेवेस्तोवर पाऊस आलाच. आम्ही गोठ्यात म्हशींशेजारी उभे, हातात गुळाचा कोरा चहा. थोड्या वेळात परत लख्ख ऊन! पण त्या काळ्या मातीतून बाहेर पडायचं म्हणजे दर पावलाला बूट वाढतोय. बाभळीच्या काटकीनं खरवडायचं, चार पावलं टाकायची, परत खरवडायचं. एकाचा तळवा तिथंच सुटला. म्हैसमाळ राहिलं ते राहिलंच.

तुमचेही असे किस्से असतील, लिहा.

शेंगाचटणी
तळवा सुटलेला माणूस पुढं कसा चालला ते सांगा आधी 😂

देवगिरीकर
म्हातारीनं सुतळी दिली. सुतळी बांधून डांबरीपर्यंत आला. सोमवारी त्याच बुटात ऑफिसला.

औसेकर
आमचं चालणं कोजागिरीचं, तुळजापूरला. लातूरहून औसा, उजनी करत जायचं. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी निद्रेला जाती, पौर्णिमेला परत सिंहासनावर येती, म्हणून त्या दिवशी पोचायची घाई. एका वर्षी उजनीच्या अलीकडं असा झोडपला की सगळ्यांनी फ्लेक्स काढून डोक्यावर घेतले. आमच्या डोक्यावर कुण्या भावी आमदाराचा वाढदिवस! अनवाणी पायाला पाण्यातली खडी दिसत नाही, तेवढा त्रास. बाकी आई राजा उदो उदो म्हणलं की पाय चालतात.

शेंगाचटणी
उजनी म्हणलं की बासुंदी. खाल्ली का नाही?

औसेकर
उपवास होता हो 😭 येताना खाल्ली. येताना एसटीनं.

कोरडवाहू
वाचायला मजा आली, राग मानू नका. पण ह्या पावसाचं नाव काढलं की आमच्या पोटात गोळा येतो. सोयाबीन काढून सुडी लावलेली, मळणी यंत्राचा नंबर लागेना, आणि वरून हे. सुडी भिजली की आतून तापती, शेंगांना कोंब फुटतेत. मग व्यापारी ओलावा बघून भाव पाडतो. सप्टेंबर 2025 ला तर काढायलाबी काही ठेवलं नाही, माती खरडून गेली. तुमच्या त्या ऑफिसवाल्यांनी कोपरे धरले हे बेस केलं.

देवगिरीकर
राग कसला दादा. यंदा कसं हाये?

कोरडवाहू
तूर बरी हाये. बाकी विचारू नका.

परळीचे मास्तर
लेकरांची सहल घेऊन सौताड्याला गेलो होतो. धबधबा बघून वर आलो अन् गडगडायला लागलं. लेकरं सवयीनं झाडाखाली पळायली, ओरडून ओरडून घसा बसला. सगळ्यांनी ध्यानात ठेवा, गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत येऊ शकती. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, पत्र्याच्या उघड्या शेडमध्येही नाही. पक्कं घर नाहीतर बंद गाडी गाठा. काहीच नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका, एकमेकांना खेटू नका. फोनवर दामिनी ॲप टाकून ठेवा, जवळपास वीज पडायली का ते कळतं. आम्ही सगळी लेकरं बसमध्ये कोंबली, तिथंच डबे खाल्ले. लेकरांना विचाराल तर सहलीत तेच भारी झालं म्हणतील.

हिंगोलीची लेक
सर तुम्ही आमच्या शाळेत होता का?? आमच्या सहलीलाही बसमध्येच डबे 😄

परळीचे मास्तर
नाही बाई, सगळ्याच मास्तरांच्या नशिबी हेच असतंय.

हिंगोलीची लेक
माझा अनुभव छोटाच. सासरकडच्या बायका मिळून गौताळ्याला गेलो. पाऊस आला नाही, नुसता दम दिला. पण कुसळं! नव्या साडीच्या काठाला इतकी, की घरी येऊन तीन जावा एक काठ निवडत बसल्या. सासूबाई म्हणे, आता कळलं का आम्ही रानात लुगडं वर खोचून का जात होतो. भाकर लावायचे, बाकी उद्या.

बालाघाटवाली
कुसळाला ड्रेस उलटा करून आतून ओढ, बाहेरून ओढलं की मोडतं. आमच्याकडं धारूरच्या डोंगरात ह्याच दिवसात सीताफळं. चालायला म्हणून निघालो आणि पिशव्या भरून आलो. पाऊस सुरू झाला तेव्हा निम्म्या मंडळींनी डोक्यावरचे पंचे काढून सीताफळं झाकली, डोकी भिजली तर भिजू दे.

औसेकर
हे बरोबरे. डोळे उघडली का नाही फळं?

बालाघाटवाली
डोळे उघडलेली तेवढीच तोडायची, गवतात ठेवली की दोन-तीन दिवसात पिकतात. आवळून बघितलेलं काळं पडतं, ते पोरांना द्यायचं 😀

शेंगाचटणी
बीडहून कुणी पुण्याला येणार असेल तर चार आणा राव. इथं पाव किलोला काय सांगतात ते लिहित नाही.

कोरडवाहू
इकडं परत भरून यायलंय. ताडपत्री बघून येतो.